नदी स्वच्छ होईपर्यंत मुलांनी थांबायचं कशाला?

नदीकाठच्या उद्यानांत शाळकरी मुलांना प्रत्यक्ष हाताने काम करत पर्यावरण शिकू द्यावं, असा विषय पुण्यात कुठेही काढला की पहिला आक्षेप ठरलेला असतो. आधी नदी स्वच्छ करा, मग मुलांना न्या. पालकसभेत तो काळजीच्या सुरात येतो, शाळांच्या कार्यालयात जबाबदारीच्या, आणि महापालिकेत खर्चाच्या. काळजीतून आलेला आक्षेप झटकून टाकू नये, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर देतो. पण माझं मत आधीच सांगून टाकतो. हा आक्षेप चुकीचा आहे, आणि त्याच्या आडोशाला या शहराची एक अख्खी पिढी मुठेच्या पुलांवरून नाक दाबून पलीकडे गेली. तिला नदीचा उगम माहीत नाही, पूररेषा माहीत नाही, पाण्यात काय मिसळतं हे माहीत नाही. अशा पिढीकडून नदी स्वच्छ होण्याची अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करतो?

धोका आहे, हे मला मान्य आहे. शहरातल्या मुळा-मुठेच्या पाण्यात सांडपाणी आहे. त्यातून कावीळ, जुलाब, लेप्टोसारखे आजार होऊ शकतात. पावसाळ्यात खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला की पात्र बघता बघता भरतं. हे सगळं जमेस धरूनच नियम करायचे असतात. शहरी पट्ट्यात कोणत्याही मुलाने पाण्यात पाय घालायचा नाही. पाण्याचा नमुना लांब दांड्याच्या डबड्याने काठावरूनच घ्यायचा, हातात मोजे, पायात गमबूट. अंगावर उघडी जखम असलेल्या मुलाने त्या दिवशी फक्त नोंदी लिहायच्या. काम संपलं की साबणाने कोपरापर्यंत हात, आणि त्याआधी जेवणाच्या डब्याला हात नाही. जून ते ऑक्टोबर काठावरचं काम बंद. यात अवघड काय आहे? याच शाळा मुलांना सिंहगडावर नेतात, वॉटरपार्कला नेतात, बसने कोकणात नेतात. तिथे धोका नसतो असं नाही. तिथे तो सांभाळायची आपल्याला सवय झालेली असते. नदीच्या बाबतीत ती सवय आपण लावूनच घेतली नाही.

आणि दुसऱ्या बाजूचा धोका कोणी मोजतच नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. हे शहर १२ जुलै १९६१ चा पानशेत पूर पाहिलेलं. तरीही पूररेषेच्या आत घर घेताना, ओढ्यावर भिंत बांधताना, नाला वळवताना साधा प्रश्न विचारणारी माणसं इथे थोडी. पूररेषांपैकी निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतलं क्षेत्र निषिद्ध, दोन रेषांमधलं नियंत्रित. एवढी दोन वाक्यं नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येक मुलाला दहाव्या वर्षी ठाऊक हवीत. नदीपासून लांब ठेवून आपण मुलांना सुरक्षित केलेलं नाही. नदीच्या बाबतीत त्यांना अडाणी ठेवलं आहे, आणि पुराच्या रात्री या अडाणीपणाची किंमत जिवाने मोजावी लागते.

ही दोन वाक्यं फळ्यावर लिहून डोक्यात शिरत नाहीत. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाईप मी सातवीतल्या मुलांच्या हातात दिलेली आहे. पाईपमध्ये पाणी भरायचं, मधला हवेचा बुडबुडा बोटाने टिचक्या मारत वर काढायचा, एक टोक एका मुलीने भिंतीवरच्या पुराच्या जुन्या डागाशी धरायचं, दुसरं टोक दुसऱ्याने पुढच्या झाडाच्या बुंध्याशी. दोन्हीकडचं पाणी स्थिरावलं की झाडावर खडूची खूण. मग तिथून पुढच्या खांबावर, तिथून पुढे. अशी पातळी सरकवत मुलं उद्यानातल्या घसरगुंडीपाशी पोचली, तेव्हा खडूची खूण घसरगुंडीच्या वरच्या पायरीच्याही वर लागली. पाईप धरलेला मुलगा खाली वाकून पायरी बघत होता, मग त्याने हात उंच करून पुन्हा पातळी तपासली, कारण त्याचा विश्वास बसेना. ही मुलं मोठी होऊन पूररेषेच्या आत फ्लॅट घेण्याआधी नकाशा मागतील, याची मला खात्री आहे. वर्गातल्या कोणत्या धड्याने हे साधतं, ते आक्षेप घेणाऱ्यांनी मला दाखवावं.

आता ‘आधी स्वच्छ करा’ या शब्दांकडे वळतो. कोण करणार आहे स्वच्छ? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे आहेत; त्यांतले ५५ महाराष्ट्रातले, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. मुळा-मुठा त्यात आहेच. पुण्यातल्या सांडपाण्यासाठी जपानी अर्थसाहाय्याचा, अकरा शुद्धीकरण केंद्रांचा प्रकल्प मंजूर होऊन कैक वर्षं झाली. आज पहिलीत असलेलं मूल नदी स्वच्छ होण्याची वाट पाहत बसलं, तर शाळा संपेल, कॉलेज संपेल, आणि त्याच्या लेखी नदी म्हणजे पुलाखालचा वास एवढंच उरेल. शिवाय नदी आपोआप स्वच्छ होत नसते. नागरिकांनी मागणी लावून धरली तर ती होते, आणि मागणी तीच माणसं लावून धरतात ज्यांनी बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो.

तो बिघाड दाखवण्याची एक रीत १८८८ पासून चालत आलेली आहे. विंकलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची पद्धत शोधली, आणि तिची पहिली पायरी कोणत्याही मुलाला समजते. एकाच सकाळी दोन बाटल्या भरायच्या, एक खडकवासल्याच्या वरच्या अंगाला, एक शहराच्या मधोमध. बाटलीत बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग दोन द्रावणं घालायची. त्यातलं एक दाहक असतं, म्हणून ती शिक्षकांनीच मोजे घालून घालायची. झाकण लावून बाटली उलटीसुलटी केली की आत गाळ धरतो. पाण्यात प्राणवायू असेल तर गाळ तपकिरी, नसेल तर पांढरा. वरच्या पाण्याच्या बाटलीत चहाच्या रंगाचे दाट लोट खाली बसत असतात आणि शहरातल्या बाटलीत पांढुरका गाळ हलत असतो. मुलं दोन्ही बाटल्या उजेडाला धरून बराच वेळ बघतात. मग कोणीतरी विचारतं, यात मासा कसा जगणार? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, हे कुणी केलं?

हा दुसरा प्रश्न विचारला जावा यासाठीच हे सगळं शिक्षण आहे. आणि इथेच ‘आम्ही स्वच्छता मोहीम घेतो की’ म्हणणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. काठावरच्या पिशव्या, थर्माकोलचे तुकडे, निर्माल्य उचलणं चांगलंच. त्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल मला आदर आहे. पण मुलांना वर्षातून एकदा हातमोजे देऊन पिशव्या उचलायला लावायचं, बॅनर धरून फोटो काढायचा आणि त्याला पर्यावरण शिक्षण म्हणायचं, हे मला मान्य नाही. मुलाच्या मनात त्यातून एकच गोष्ट ठसते: नदी मेली ती कुणीतरी टाकलेल्या वेफर्सच्या पाकिटामुळे. मुळा-मुठेचा मुख्य आजार पाकिटं नाहीत. शुद्धीकरण न झालेलं मैलापाणी हा तिचा मुख्य आजार आहे, आणि ते उचलायला कोणतीही पिशवी पुरत नाही. जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाईल त्याचं माप, अंघोळीच्या पाण्यासाठी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको असा आपल्याकडचा निकष आहे. हा आकडा कळलेलं मूल आणि फक्त पिशवी उचललेलं मूल, यांच्या नागरिक म्हणून वागण्यात पुढे जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

पाण्यात जगणारे जीव तर आकड्यांपेक्षाही लवकर बोलतात. पांढऱ्या ट्रेमध्ये चमचाभर गाळ पसरला आणि भिंगातून पाहिलं की शहरी पट्ट्यात लालभडक, आकडीसारख्या वळवळणाऱ्या अळ्या दिसतात. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू जवळजवळ नसलेल्या चिखलात त्या तग धरतात. वरच्या स्वच्छ ओहोळात दगड उलटला तर मेफ्लाय या कीटकाची पिल्लं सापडतात, शेपटीला तीन बारीक केस आणि पोटाच्या दोन्ही कडांना सतत हलणारे कल्ले. पाणी बिघडलं की ही पहिल्यांदा जातात. राम नदी यासाठी फार उपयोगाची आहे. भूकूमजवळच्या खाटपेवाडीकडून निघून, पाषाण तलावातून पुढे येऊन ती मुळेला मिळते. एका दिवसात वरून खालपर्यंत तीन-चार ठिकाणी थांबता येतं आणि एकच नदी कुठे निरोगी आहे, कुठे आजारी पडते, ते ट्रेमध्ये दिसतं. पक्ष्यांचंही तेच. येरवड्याच्या बाजूला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याच्या काठावर लांब गुलाबी पायांचे शेकाटे थव्याने दिसले की मुलं खूश होतात. त्या वेळी त्यांना सांगावं लागतं की शेकाट्याला गढूळ, सांडपाण्याचं उथळ पाणीही चालतं. तो दिसला म्हणून नदी बरी आहे असं होत नाही. नुसतं पक्षी दाखवणं आणि पक्ष्यावरून पाणी वाचायला शिकवणं, यांत हेच अंतर आहे.

यावर विज्ञानाच्या बाजूने एक आक्षेप येतो, की मुलांचे आकडे कच्चे असतात, त्यांच्यावर काय विसंबायचं? प्रदूषण मंडळाच्या प्रयोगशाळेची जागा मुलांनी घ्यावी असं कोणीच म्हणत नाही. पण त्याच जागी, त्याच वेळी, त्याच रीतीने, वर्षानुवर्षं घेतलेली नोंद कच्ची असली तरी कल सांगते. वेळेचा आग्रह का, हेही मुलांना करताना कळतं: पाणवनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, म्हणून दुपारचं पाणी पहाटेपेक्षा बरं दिसतं. चुका होतात. चार गटांचे चार आकडे येतात. मग फरक का पडला यावर वाद होतो, आणि विज्ञान त्या वादातच शिकलं जातं. हे आपल्या देशात करून झालेलं आहे. नर्मदेकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ ग्रामीण शाळांपासून विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. मुलं स्वतः प्रयोग करायची, शेत-ओढ्यांत फिरून नोंदी आणायची, परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती आणि प्रात्यक्षिकाला गुण होते. पुढे तो जिल्हाभर आणि जिल्ह्याबाहेर पसरला. २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने तो बंद केला, याचं मला आजही दुःख आहे. पण सरकारी शाळांमधली, साधनांची चणचण असलेली मुलं हे करू शकतात का, या प्रश्नाचं उत्तर त्या तीस वर्षांनी देऊन ठेवलं आहे.

अभ्यासक्रमात वेळ नाही, हे कारण मी मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा शिक्षणाचा सक्तीचा भाग करायला सांगितलं. महाराष्ट्रात पर्यावरणाचा विषय आहे, जलसुरक्षेचा आहे, प्रकल्पही आहे. तो प्रकल्प होतो कसा? स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रकल्पवह्या मिळतात, मुलं त्या उतरवून काढतात, शिक्षक सही करतात. वेळ आहे, तो उतरवण्यात जातो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. त्यांतले चार दिवस नदीकाठी घालवले, ऋतूगणिक एकेक, तर पुरेसे आहेत. पावसाळ्यातला दिवस पुलावरून पाणी बघण्याचा ठेवावा.

मग हळू आवाजात शेवटचा आक्षेप येतो: मुलांनी नाले मोजायला सुरुवात केली, कोणाचं सांडपाणी कुठे येतं हे लिहायला लागली, तर ते राजकारण होईल. शाळेने त्यात पडू नये. पण बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत सुरुवातीलाच भारतीय नागरिकांची मूलभूत कर्तव्यं छापलेली असतात. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम ५१ क. त्यात नैसर्गिक पर्यावरणाचं रक्षण करण्याचं कर्तव्य आहे आणि वनं, सरोवरं, वन्यजीव यांच्याबरोबर नद्यांचा नावानिशी उल्लेख आहे. पुस्तकाच्या पहिल्या पानांवर मुलाला कर्तव्य सांगायचं, आणि ते बजावायला निघालं की अडवायचं, हे शिक्षणसंस्थेला शोभत नाही. मुलाने लिहिलं की अमुक पुलाच्या वरच्या बाजूला पाणी असं होतं आणि खालच्या बाजूला तसं, तर त्याने एक नोंद केली आहे. ती कोणाला अडचणीची वाटत असेल तर अडचण नोंदीत शोधू नये.

आता उद्यानांबद्दल. आमचा झगडा शाळांपेक्षा जास्त इथे आहे. पुण्यातली नदीकाठची बहुतेक उद्यानं नदीकडे पाठ करून बसली आहेत. जंगली महाराज रस्त्यावरचं संभाजी उद्यान मुठेच्या कडेला आहे. आत आलेल्या मुलाचं तोंड मात्र रस्त्याकडून आत वळतं, कारंजं, हिरवळ, खेळण्यांकडे. फिट्झजेराल्ड पुलाजवळच्या बंडगार्डनचं तर नाव घेतलं तरी नदी आठवते, कारण तिथला बंधाराच त्या नावात आहे. नदीकाठ सुधारणेच्या सुमारे ४४ किलोमीटरच्या प्रकल्पाचं भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झालं आणि त्यात फिरण्याच्या वाटा, पायऱ्या, उद्यानं यांचा मोठा वाटा आहे. त्या प्रकल्पावर माझे इतर आक्षेप आहेत, ते इथे मांडत नाही. एवढंच म्हणतो की सरळ तासलेल्या दगडी काठावर मूल बसू शकतं, तिथे त्याला शिकायला काही उरत नाही. शेरणीची झुडपं, वाळुंज, करंज, उंबर, चिखलाचा उतार, उघड्या जमिनीवर घातलेली टिटवीची अंडी, हे सगळं माती आणि पाणी भेटतात त्या वेड्यावाकड्या पट्ट्यात असतं. तो पट्टा काढून टाकला की नदीकाठचं उद्यान शहरातल्या दुसऱ्या कोणत्याही बागेसारखं होतं.

उद्यान ज्येष्ठांना फिरायला असतं, मुलांचे जथे आले तर शांतता मोडते, असंही ऐकवलं जातं. सकाळी दहा ते एक ही वेळ फिरणाऱ्यांची नाही, आणि त्या वेळेला अनेक उद्यानं बंदच ठेवलेली असतात. शाळांना तीच वेळ हवी आहे.

एक गोष्ट मात्र आमच्या बाजूच्या लोकांनाही खडसावून सांगायला हवी. नदीशिक्षणाचे उपक्रम फार वेळा मोठ्या शाळांच्या मुलांपुरते राहतात, बसने येणाऱ्या आणि बसने जाणाऱ्या. पाटील इस्टेट, ताडीवाला रोड, येरवड्याच्या वस्त्यांमधली मुलं नदीच्या कुशीतच वाढतात. पाणी कोणत्या महिन्यात कुठपर्यंत येतं, जलपर्णी कधी वाढते, डास कधी, मासा कुठे मिळतो, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय माहीत असतं, आणि आपण ते ज्ञान मानायलाच तयार नसतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तर शाळा कुरणात गेली आणि मुलांना जे येत होतं तिथून शिकवणं सुरू झालं. नदीकाठच्या उद्यानात महापालिकेच्या शाळांना पहिला मान द्यावा, आणि वस्तीतल्या मुलांना वाटाड्या म्हणून पुढे ठेवावं. खासगी शाळेतल्या मुलाने त्यांच्याकडून नदी शिकावी. त्यात त्याचाच लाभ आहे.

मागणं मोठं नाही. नदीकाठच्या प्रत्येक उद्यानात निदान शंभर फुटांचा काठ हिरवळ, फरशी आणि कारंज्यापासून मोकळा ठेवावा. तिथे हात धुवायला दोन नळ, ट्रे-भिंगं-पाईप ठेवायला कुलपाची एक खोली, आणि दरवाज्याशी एक फळा, ज्यावर मुलांनी घेतलेले त्या महिन्याचे आकडे लिहिले जातील आणि पुसण्याआधी वहीत उतरवले जातील. शिक्षकांना या चार दिवसांसाठी कामाचाच दिवस मंजूर करावा, रजा मागायला लावू नये. प्रदूषण मंडळाने वर्षातून एकदा आपला एक तंत्रज्ञ मुलांबरोबर उभा करावा आणि दोघांचे नमुने एकाच वेळी घ्यावेत. आणि उद्यान विभागाने नदीच्या बाजूचं गंजलेलं फाटक उघडून त्याची एक किल्ली जवळच्या महापालिका शाळेच्या मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्यावी, येत्या नोव्हेंबरात पाणी उतरल्यावर लगेच.